पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या मुली
महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांच्या संयोजकांना खुले पत्र

संयोजक मित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमांची बैठक झाली. अमेरिकन दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या सिनेमांचा छोटा महोत्सव घ्यायचं घाटत होतं. 'गॉडफादर'चे पहिले दोन भाग, 'द कॉन्व्हर्सेशन', 'अपोकॅलिप्स नाऊ' आणि शेवटच्या दिवशी 'मेगालोपोलिस'. या शेवटच्या नावावर जुंपली, आणि जुंपायलाच हवी होती. काहींच्या मते हा उतारवयातला नुसता पसारा आहे, तो दाखवून आधीच्या चौघांवर पाणी कशाला फिरवायचं. काहींच्या मते आज ना उद्या हाच सिनेमा लोक डोक्यावर घेतील. मला वाद आवडला. मी हात वर करून एवढंच विचारलं, की चित्रीकरणात एक्स्ट्रा, म्हणजे गर्दीतल्या, मुलींच्या बाबतीत जे झाल्याचा आरोप आहे, त्याचा आपल्या परिचय-टिपणात उल्लेख असेल का?

ज्यांच्या शेजारी बसून मी सिनेमा पाहायला शिकले, ते एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, ते सगळं पडद्याबाहेरचं. आपण पडद्यावरचं बोलू या." माना डोलल्या आणि चर्चा प्रोजेक्टरच्या भाड्याकडे वळली.

त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. अशी बैठक फक्त आमच्याच गावात होत नसणार.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हा सिनेमा दाखवू नका, असं मी म्हणत नाही. दाखवाच. 2024 च्या सप्टेंबरअखेर तो अमेरिकेत लागला तेव्हा मी न्यू जर्सीला भावाकडे होते. पहिल्याच आठवड्यात मोठ्या पडद्यावर पाहिला. हॉलमध्ये आम्ही मोजून अकरा माणसं, त्यातली तीन मध्येच उठून गेली. मी मात्र 138 मिनिटं खुर्चीच्या कडेला बसून होते. सुरुवातीलाच नायक अ‍ॅडम ड्रायव्हर क्रायस्लर बिल्डिंगच्या टोकावर चढतो, आता पडणार म्हणेपर्यंत 'थांब' म्हणतो आणि काळ थांबतो. पुढे तो आणि महापौराची मुलगी ज्युलिया शहराच्या वर अधांतरी लटकणाऱ्या लोखंडी तुळयांवर उभे राहून एकमेकांना जवळ घेतात. आयुष्यभर सिनेमाच केलेल्या माणसालाच असं सुचतं. पण त्याच सिनेमात जागोजागी संवाद सभेतल्या भाषणासारखे येतात, माणसं दिसतात आणि कारण न देता नाहीशी होतात, न्यूयॉर्कला 'न्यू रोम' केल्यावर रोमच्या इतिहासाचं ओझं नटांच्या खांद्यावरून उतरतच नाही. रोममधल्या कॅटिलिना आणि सिसेरो या राजकारण्यांचं भांडण इसवीसनपूर्व 63 मधलं. ते आजच्या महापौरात आणि वास्तुरचनाकारात पाहण्याची कल्पना दमदार आहे, पण मला वाटतं ती कोपोलांच्या हातात शेवटपर्यंत टिकली नाही. माझं मत एवढंच. तुमचं वेगळं असेल, त्यावर आपण रात्रभर बोलू.

या सिनेमाभोवतीची कहाणी आपल्याला का भावते, हेही मला ठाऊक आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून डोक्यात असलेला विषय. 2001 मध्ये न्यूयॉर्कमध्ये थोडं चित्रीकरण सुरू झालं होतं, तेवढ्यात सप्टेंबरचा हल्ला झाला आणि सगळं बासनात गेलं. स्टुडिओ पैसे लावेनात, तेव्हा त्यांनी आपल्या वाइनच्या धंद्यातला हिस्सा विकून सुमारे 12 कोटी डॉलर स्वतःच उभे केले. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅटलांटाकडे चित्रीकरण सुरू झालं तेव्हा वय 83. 2024 च्या एप्रिलमध्ये पत्नी एलिनॉर गेल्या, आणि पुढच्याच महिन्यात हा माणूस कान महोत्सवात सिनेमा घेऊन उभा राहिला. सिनेमा एलिनॉर यांनाच अर्पण केलेला आहे. हे वाचताना माझ्याही घशात आवंढा आला होता. पुढे अमेरिकेत पहिल्या आठवडाअखेरीला जेमतेम 40 लाख डॉलर जमले, जगभरातून सगळे मिळून दीड कोटीच्या आतच.

आपण मराठी माणसं तर अशा गोष्टीवर वाढलो. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले आणि 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आला, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. सगळं पणाला लावून सिनेमा करणारा माणूस दिसला की आपले हात आपोआप जोडले जातात. पण त्याच गोष्टीत रात्री अंधारात कच्च्या फिल्मला भोकं पाडणाऱ्या आणि दिवसा सगळ्या युनिटला रांधून घालणाऱ्या सरस्वतीबाई आहेत. त्यांच्याबद्दल आपण बोलायला लागलो त्याला फार वर्षं झाली नाहीत. आधी इतकी वर्षं त्याही 'पडद्याबाहेरच्या'च होत्या.

आता ज्याला पडद्याबाहेरचं म्हटलं गेलं, त्याबद्दल.

2024 च्या मे महिन्यात, कानमधल्या पहिल्या खेळाच्या दोन दिवस आधी, ब्रिटनच्या 'गार्डियन'ने बातमी दिली. क्लबमधल्या जल्लोषाच्या प्रसंगात कमी कपड्यांतल्या एक्स्ट्रा मुलींचं चुंबन घ्यायचा दिग्दर्शकाने प्रयत्न केल्याचं सेटवरच्या काहींनी सांगितलं होतं. सहनिर्मात्याचं उत्तर होतं, की दिग्दर्शक क्लबचं वातावरण तयार करायला सगळ्यांना मिठी मारत आणि गालावर ओठ टेकवत फिरत होते, आणि तक्रार आपल्या कानावर आलेली नाही. कोपोलांचं म्हणणं, आपण अंगचटीला जाणारे नाही, आपण फार लाजाळू आहोत. जुलैअखेर 'व्हरायटी' या अमेरिकेतल्या सिनेव्यवसायाच्या नियतकालिकाने सेटवरचे व्हिडिओ छापले. त्यानंतर त्या प्रसंगातली एक तरुणी पुढे आली, आपल्याला धक्का बसला होता आणि आपली संमती नव्हती असं तिने सांगितलं आणि पुढे कोर्टातही गेली. त्याच सेटवरची दुसरी तरुणी जाहीरपणे म्हणाली, की माझ्याशी ते काहीही वावगं वागले नाहीत. कोपोलांनी आरोप नाकारले आणि सप्टेंबरमध्ये 'व्हरायटी'वर दीड कोटी डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा लावला.

हे सगळं मुद्दाम दोन्ही बाजूंनी लिहिलं. मी न्यायाधीश नाही, तुम्हीही नाही. कोपोला दोषी आहेत असं टिपणात लिहा, असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं त्या 'तक्रार आलेली नाही' या उत्तराबद्दल आहे, कारण ते मला आतून माहीत आहे.

तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, पुण्याला येण्याआधी, नव्वदच्या दशकात, सहा वर्षं मी मुंबईत ज्युनिअर आर्टिस्ट होते. लग्नाच्या पंगतीत, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, विमानतळावर, क्लबच्या डान्समध्ये नायिकेच्या मागे जी गर्दी दिसते, त्यात. गर्दीसाठी माणसं पुरवणाऱ्या कोऑर्डिनेटरचा फोन शेजारच्या वाण्याकडे यायचा. सकाळी सातचा कॉल, फाटकाशी रांग, मग ड्रेसदादाच्या गाठोड्यातून मिळेल ते अंगावर. क्लबच्या सीनला हमखास पाठ उघडी असलेला टॉप यायचा, आणि तो कधीच मापाचा नसायचा. आम्ही एकमेकींच्या पाठीला सेफ्टी पिना लावून द्यायचो. सॅंडल एक नंबर लहान असले की टाचेला रुमालाची घडी.

एकदा एका मोठ्या दिग्दर्शकाच्या सेटवर तीन दिवसांचं गाणं होतं. नाव घेत नाही, ते आता नाहीत. प्लेबॅक वाजायचा, कट झाला की बंद, पण आम्ही जागा सोडायची नाही, कंटिन्युइटी, म्हणजे एक शॉट दुसऱ्याशी जुळला पाहिजे. दोन टेकच्या मधल्या वेळात ते आमच्यात यायचे. हसतमुख, सगळ्यांना 'बेटा' म्हणणारे. माझ्या डावीकडे एक मुलगी होती, माझ्याहून लहान. तिला "अशी उभी राहा" म्हणून त्यांनी कमरेला धरून वळवलं आणि हात तिथेच ठेवून कॅमेरामनशी लाइटबद्दल बोलत राहिले. किती वेळ? मी तेव्हा मनात आकडे मोजत होते, चाळीसपर्यंत पोचले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पाठीची निघालेली पिन पुन्हा लावायच्या निमित्ताने मध्ये शिरले, तेव्हा हात सुटला. एवढंच मला सुचलं.

दुपारी जेवणाच्या रांगेत मी तिला म्हटलं, कोऑर्डिनेटरला सांग. ती म्हणाली, "सांगून? उद्यापासून बोलावणार नाही. आणि आज निघाले तर तीन दिवसांचे पैसे जातील." तिचं बरोबर होतं. मध्येच निघालं की कंटिन्युइटी तुटते आणि मग तिन्ही दिवसांच्या पैशांचं व्हाउचर अडकतं. ती उरलेले दोन दिवस आली. त्याच जागी उभी राहिली. सिनेमा चांगला चालला, गाणं अजून लागतं. माझ्या डावीकडे ती दिसते.

त्या सेटवरून तक्रार गेली नाही. त्या सहा वर्षांत मी ज्या ज्या सेटवर होते, तिथून एकही तक्रार वर गेल्याचं मला आठवत नाही. कोणी निर्मात्याला विचारलं असतं, तर त्यानेही अगदी खरेपणाने सांगितलं असतं, माझ्याकडे तक्रार आलेली नाही.

आणि इथे तर त्यावर आणखी एक गोष्ट आहे. साध्या सेटवर दिग्दर्शकाच्या वर निर्माता असतो, त्याच्या वर पैसे लावणारी कंपनी. नावाला का होईना, वर कोणीतरी असतं. 'मेगालोपोलिस'मध्ये लेखक, दिग्दर्शक आणि पैसे लावणारा एकच, आणि निर्मात्यांतही तोच. ज्या गोष्टीसाठी आपण त्यांना दाद देतो, की स्टुडिओची ताबेदारी झुगारून स्वतःच्या पैशावर स्वतःचा सिनेमा केला, तीच गोष्ट कडेला उभ्या असलेल्या मुलीच्या बाजूने पाहा. तिच्यासाठी वर जायला जिनाच नाही. कलावंताचं स्वातंत्र्य आणि त्या मुलीची अडचण एकाच व्यवस्थेतून आली आहे. हे मला त्या सिनेमाबद्दलचं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते आपल्या चर्चेत येणार नसेल तर आपण सिनेमा अर्धाच पाहिला.

म्हणून 'पडद्याबाहेरचं' हा शब्द मला मान्य नाही. तो क्लबचा प्रसंग सिनेमात आहे. गर्दीतल्या त्या मुली पडद्यावर आहेत. त्यांच्या हसण्यावर, नाचण्यावर, त्यांच्या उघड्या खांद्यांवर न्यू रोमचा ऱ्हास आपल्याला दाखवला जातो. आपण तिकीट काढून त्यांच्याकडे पाहतो. तेव्हा त्या पडद्यावरच्या असतात, आणि त्या बोलल्या की लगेच पडद्याबाहेरच्या होतात, असं कसं?

सिनेमाच्या गोष्टीतही याचं एक टोक आहे आणि चर्चेत ते निघायलाच हवं. नायक सीझर कॅटिलिनाला गोत्यात आणायला एका तरुण गायिकेबरोबरचा व्हिडिओ लोकांसमोर आणला जातो, त्याला अटक होते आणि पुढे तो निर्दोष ठरतो. ही कथा कोपोलांनी आरोपांच्या कितीतरी आधी लिहिली होती, तेव्हा त्यात कोणाला उत्तर दिलं आहे असं मी म्हणणार नाही. पण आज तो प्रसंग पाहताना व्हिडिओ, आरोप, मोठा माणूस आणि तरुण मुलगी हे सगळं प्रेक्षकाच्या डोक्यात असणारच. ते नसल्यासारखं टिपण लिहिलं, तर ते टिपण अप्रामाणिक होईल.

आमच्या बैठकीत आणखी एक वाक्य आलं होतं: "कोपोलांच्या प्रत्येक सिनेमाला लोकांनी आधी नावंच ठेवली." हे आपण सगळेच बोलतो, मीही बोलत आले. 2024 च्या ऑगस्टमध्ये 'मेगालोपोलिस'चा ट्रेलर आला तो याच वाक्यावर बेतलेला होता. जुन्या नामवंत समीक्षकांनी 'गॉडफादर'ला आणि 'अपोकॅलिप्स नाऊ'ला कसं झोडपलं होतं, याची अवतरणं पडद्यावर येत होती. ती बनावट निघाली. वितरकाने त्याच दिवशी ट्रेलर मागे घेतला आणि माफी मागितली. त्यात ज्या पॉलीन केल यांचं नाव घातलं होतं, त्यांनी 1972 साली 'गॉडफादर'ची मनापासून स्तुती केली होती. त्या सिनेमाने त्या वेळी कमाईचे विक्रम मोडले आणि सर्वोत्तम चित्रपटाचा ऑस्कर घेतला. 'द कॉन्व्हर्सेशन' आणि 'अपोकॅलिप्स नाऊ' या दोघांनाही कानमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळाला. खरोखर आपटला तो 1982 चा 'वन फ्रॉम द हार्ट', आणि त्याच्या कर्जात ते कित्येक वर्षं अडकले. म्हणजे गैरसमज झालेला एकाकी प्रतिभावंत ही कहाणी निदान सत्तरच्या दशकापुरती तरी खरी नाही. महोत्सवाच्या माहितीपत्रकात ती छापू नका.

कोपोलांच्या सिनेमातली गर्दी ही वेगळीच चर्चा होऊ शकेल. 'अपोकॅलिप्स नाऊ'चं चित्रीकरण फिलिपिन्समध्ये 1976 च्या मार्चमध्ये सुरू झालं. वादळाने सेट उद्ध्वस्त झाले, नायक मार्टिन शीनना हृदयविकाराचा झटका आला, हेलिकॉप्टरं फिलिपिन्सच्या लष्कराची होती आणि ती शूटिंग सोडून बंडखोरांशी लढायला परत बोलावली जायची. हे किस्से आपल्याला तोंडपाठ आहेत. शेवटच्या भागात, जंगलात स्वतःचं राज्य मांडून बसलेल्या कर्नल कुर्त्झच्या तळावर दिसणारी माणसं इफुगाव जमातीची होती. तिथे कापला जाणारा रेडा खरा होता, आणि तो विधी त्यांचा होता. त्यांच्याकडे कॅमेरा वळवून, त्यांचं जगणं टिपून ठेवलं ते एलिनॉर कोपोलांनी. त्या चित्रणातून 1991 चा 'हार्ट्स ऑफ डार्कनेस' हा माहितीपट उभा राहिला. महोत्सवात तोही घ्या, ही माझी जाताजाता सूचना. नवऱ्याच्या वेडावर जीव असूनही त्याच्या आजूबाजूला काय होतं आहे याच्याकडे डोळे उघडे ठेवून कसं पाहायचं, ते त्यात दिसतं. आपल्या टिपणाची नजर तशी हवी.

कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या भानगडीत आपण कशाला पडायचं. ज्या आठवड्यात तो बनावट ट्रेलर आला, त्याच आठवड्यात, 19 ऑगस्ट 2024 ला, केरळात मल्याळम सिनेमातल्या बायकांच्या परिस्थितीवरचा न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल जाहीर झाला. 2019 च्या डिसेंबरमध्ये सरकारला सादर झालेला अहवाल साडेचार वर्षांहून अधिक काळ कपाटात होता. त्यात ज्युनिअर आर्टिस्ट बायकांबद्दल लिहिलेलं मी वाचलं. स्वच्छतागृह नाही, जेवण नाही, पैसे मधल्या माणसाच्या हातून, आणि तोंड उघडलं तर काम बंद. मला माझ्या वाण्याकडचा फोन आठवला. सिनेमाच्या युनिटमध्येही तक्रार समिती हवी, असं केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तर 2013 चा आहे. आपल्या सोसायट्यांमध्ये नव्या मराठी दिग्दर्शकांचे सिनेमे दाखवून आपण त्यांना प्रश्न विचारतो, लेन्स कोणती वापरली, पैसे कुठून आणले. तुमच्या युनिटमध्ये समिती होती का, क्राउडमधल्या बाईला त्या समितीचा पत्ता माहीत होता का, हा प्रश्न वीस वर्षांत मी एकदाही ऐकला नाही. मीही विचारला नाही. यापुढे विचारणार आहे.

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने 2025 च्या एप्रिलमध्ये कोपोलांना जीवनगौरव दिला. त्याआधी सुमारे दोन महिने 'रॅझी'ने, म्हणजे वर्षातल्या वाईट सिनेमांची खिल्ली उडवणाऱ्या पुरस्कारांनी, सर्वांत वाईट दिग्दर्शक म्हणून त्यांची निवड केली होती. दोन्हीकडे चर्चा त्यांचीच. आपल्याला तिसरी जागा घेता येईल, आणि ती फार मोठी नाही. आपल्या टिपणात एक परिच्छेद. मी तो असा लिहीन:

'या चित्रपटातल्या क्लबच्या प्रसंगात काम केलेल्या एका तरुणीने, आपल्या संमतीशिवाय दिग्दर्शकाने जवळीक केली असा आरोप करून न्यायालयात दाद मागितली. दिग्दर्शकांनी आरोप नाकारले असून बातमी देणाऱ्या नियतकालिकावर दावा केला. त्याच सेटवरच्या दुसऱ्या एका तरुणीने आपल्याला असा अनुभव आला नसल्याचं सांगितलं. चित्रपटाचे लेखक, दिग्दर्शक आणि पैसे लावणारे एकच होते. चित्रपट पाहताना गर्दीकडेही लक्ष द्यावं.'

सहा ओळी. त्याने 'मेगालोपोलिस'चं सौंदर्य कमी होत असेल, तर ते मुळात फारसं नव्हतं. मला वाटतं, ते कमी होणार नाही. त्या तुळया अधांतरीच राहतील.

आणखी एक विनंती आहे. आपल्याकडे श्रेयनामावली सुरू झाली की कोणीतरी उठून दिवे लावतं आणि लोक चपला शोधायला लागतात. महोत्सवात पाचही दिवस ती संपेपर्यंत दिवे लावू नका. क्राउडमधल्या बहुतेकांची नावं तिथेही नसतात, मला माहीत आहे. माझंही कधी नव्हतं. तरी तेवढा वेळ हॉल अंधारातच ठेवा.

पुढच्या बैठकीला मी टिपणाच्या प्रती घेऊन येते.

आपली,
गेली वीस वर्षं सोसायटीची सभासद आणि एक माजी ज्युनिअर आर्टिस्ट
पुणे